सुळ्याचं गिऱ्हाईक

१

भित्री माणसं दोन जातींची. एक भीती लपवणारी, आणि दुसरी आमच्या मावशीसारखी, भीती चारचौघांत वाळत घालणारी. कपाट करकरलं की ती ‘कोण आहे?’ विचारायची आणि वर उत्तराची वाट बघत उभी राहायची. एका खोलीतून दुसरीत जाताना आधी पुढचा दिवा लावायची, मगच मागचा मालवायची. सगळे तिला भागूबाई म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पन्नाशी उलटली, पण घरात एकटीनं रात्र काढल्याचं तिच्या नावावर जमा नव्हतं. आधी आई होती, आई गेली तेव्हा ठकी आली.

ठकी म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. ताईची नोकरी बदलीची. पोरीच्या शाळेची आबाळ नको म्हणून ठकी लहानपणीच मावशीकडे आली ती आलीच. लोक म्हणायचे, मावशीनं भाचीला सांभाळलं. कुणी कुणाला सांभाळलं ते त्या दोघींना ठाऊक. रात्री पाणी प्यायचं झालं तर मावशी ठकीला हलवून उठवायची, आणि ती एवढीशी पोर डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, मावशीचं पाणी पिऊन होईपर्यंत.

आता ठकी कॉलेजात जायच्या वयाची झाली होती, आणि लांबच्या शहरात, हव्या त्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. घरात आनंदीआनंद व्हायचा, तर पोरगी गप्प गप्प. एका संध्याकाळी मावशी कामावरून आली तेव्हा आतल्या खोलीत ठकी आईशी फोनवर बोलत होती. चपला काढता काढता मावशी थबकली.

“नाही जात मी,” ठकी सांगत होती. “इथल्याच कॉलेजात नाव घालते. ती एकटी राहूच शकत नाही गं आई. भीतीनं मरेल ती.”

मावशी आल्या पावली बाहेर गेली, थोडा वेळ जिन्यात बसली, मग मुद्दाम किल्ली वाजवत आत आली. रडू आलं होतं तिला, आणि रागही आला होता, तो स्वतःचाच. आपल्या भित्रेपणापायी पोरीचं पाऊल अडलं, हे तिच्या अगदी जिव्हारी लागलं.

ठकीच्या उशाशी एक जाडजूड कादंबरी असायची. काळं कव्हर, त्यावर एका पोराचा पांढराफटक चेहरा. ठकीच्या वयाच्या पोरी जिच्यावर जीव टाकतात तसली, व्हॅम्पायरची. मावशी ती नेहमी पालथी घालून वर ठकीचा रुमाल टाकायची. त्या रात्री जेवताना मावशीनं जाहीर केलं की ती हे पुस्तक वाचणार, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. काट्यानंच काटा काढायचा. ठकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन ती गंभीर झाली आणि म्हणाली की मावशीनं ते खरंच संपवलं, आणि रात्री तिला उठवायचं बंद केलं, तर ती त्या कॉलेजात नाव घालेल.

मावशीनं शब्द दिला. त्याच रात्री तिनं ठकीला दोनदा उठवलं.

२

वाचायचे मावशीनं नियम केले. फक्त दिवसा, फक्त माणसांत, आणि पानाच्या खालच्या ओळीवर अंगठा ठेवून, म्हणजे पुढचं एकदम दिसायला नको. रात्री पुस्तक पिठाच्या डब्याखाली, उघडता येणार नाही असं. पहिल्याच दिवशी तिनं ठकीला विचारलं की यात कुत्रा आहे तो मरतो का, तेवढं आधी सांग. ठकी म्हणाली, नाही मरत. मग तिला जरा धीर आला.

गोष्ट एका शाळेतल्या पोहणाऱ्या मुलीची होती. पहाटे ती एकटी सराव करायची, आणि तलावाच्या काठावर एक मुलगा बसलेला असायचा. पाण्यात सगळ्या जगाचं प्रतिबिंब पडायचं, त्याचं तेवढं नाही. हे वाचलं तेव्हा मावशी बसथांब्यावर उभी होती, आणि तिची बस तिच्या नाकासमोरून निघून गेली.

चार दिवसांत मावशीला त्या पुस्तकाचं वेडच लागलं. काळजात धस्स व्हायचं, हातापायांना घाम फुटायचा, पुस्तक मिटून ती छातीशी धरायची, आणि लगेच पुन्हा उघडायची. भीतीला चव असते हे बाईला पन्नाशीनंतर कळलं. त्या पोराची तर तिला कीवच यायची. दोनशे वर्षं सतरा वर्षांचा, म्हणजे दोनशे वर्षं अकरावीत, कुणाच्या वाट्याला येऊ नये. आणि त्याची रीत तिला फार आवडली. बोलावल्याशिवाय तो कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे. पावसात भिजत खिडकीबाहेर उभा राहील, पण ‘ये’ ऐकल्याशिवाय आत नाही. आजकालच्या माणसांना एवढी तरी रीत आहे का, असं तिनं ठकीला ऐकवलं. त्यावर ठकी म्हणाली की रीत बघून फसू नकोस, पुढे वाच.

दुपारच्या सुट्टीत मावशी लॅबमध्ये वाचायची. लॅब म्हणजे दातांची. एका गल्लीत रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली एक लांबट खोली होती. डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे, आणि इथे त्यांवरून कवळ्या आणि कॅपा बनायच्या. वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या यंत्राची घरघर, सगळ्यावर पांढरी भुकटी, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. दिवसभर परक्यांचे सुळे घासणारी बाई सुळ्यांच्या गोष्टीला घाबरते, याची ठकी टर उडवायची. पण दातांना मावशी कधीच भ्यायली नव्हती. दात म्हणजे काम, आणि कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लॅबचे मालक सत्तरी ओलांडलेले, कानानं मंद आणि तोंडानं त्याहून मंद. कुणी काहीही सांगो, ते ‘बरं’ म्हणायचे. आगाऊ गिऱ्हाइकांसाठी त्यांनी दाराला पाटी लावली होती, ‘बाहेरच्यांनी आत येऊ नये’. ती पाटी वाचत वाचत लोक सरळ आत यायचे.

३

तो आला तेव्हा आभाळ दाटून आलं होतं आणि लॅबमध्ये लवकर दिवे लागले होते. मावशी यंत्रावर होती. यंत्र चालू असलं की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. तरीही मावशीला दारातून कुणीतरी बोलल्याचं स्पष्ट ऐकू आलं. आवाज मोठा नव्हता. घरघरीच्या खालून, फटीतून पाणी यावं तसा तो आला.

“काम होतं थोडं.”

मावशीनं यंत्र बंद केलं. दाराबाहेर, खालच्या पायरीवर एक गृहस्थ उभे होते. साधा, नीट इस्त्री केलेला शर्ट, हातात रुमालात बांधलेलं काही. वय सांगता येईना. चेहऱ्यावर सुरकुती नव्हती, पण तरुणही म्हणवत नव्हतं. चपलांची टोकं त्यांनी उंबऱ्याला अगदी टेकवून ठेवली होती, रेघेवर उभं राहावं तशी, आणि त्यापुढे तसूभरही नाही.

त्यांनी रुमाल सोडला. आत एक ठसा होता. वरच्या डाव्या सुळ्याचं टोक मोडलंय, म्हणाले, त्यावर कॅप बसवून हवी. कोणत्या डॉक्टरांकडून आलात असं मावशीनं विचारलं, तर त्यांनी फक्त मान हलवली. कसा मोडला विचारलं, तर म्हणाले, फार जुनी गोष्ट आहे.

मालकांनी पाटीकडे बोट केलं आणि खूश होऊन मावशीच्या कानात म्हणाले की इतक्या वर्षांत पाटी पाळणारं हे पहिलं शहाणं गिऱ्हाईक. मावशीलाही ते पटलं. रीतभात आहे माणसाला, तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात मिळेल, असं मालकांनी सांगितलं.

“येतो,” गृहस्थ म्हणाले.

“बरं,” मालक म्हणाले.

गृहस्थ निघाले नाहीत. क्षणभर तिथेच थांबले, काहीतरी द्यायचं राहिलंय असं बघत. मग वळले आणि गल्लीत दिसेनासे झाले. मावशीनं यंत्र पुन्हा चालू केलं.

४

ठशावरून तिनं प्लास्टरचा जबडा ओतला, सुकवला, आणि दिव्याखाली धरला.

आधी तिला वाटलं, चुकून एखाद्या लहान मुलाचा ठसा आला. मुलांचे पटाशीचे दात नवे नवे येतात तेव्हा त्यांच्या कडेला बारीक उंचवटे असतात, करवतीसारखे. पुढे चावून चावून ते झिजतात आणि कड सरळ होते. मोठ्या माणसाच्या तोंडात ते सहसा सापडत नाहीत. या जबड्यात ते जसेच्या तसे होते. पण मागे बघावं तर सगळ्या दाढा होत्या, अक्कलदाढाही होत्या, आणि एकीवरही झीज नव्हती. पूर्ण वाढलेल्या माणसाचं तोंड, आणि त्यानं आजवर भाकरतुकडाच काय, काहीही चावलेलं नाही. फक्त सुळे तेवढे वापरलेले होते, त्यांची टोकं लखलखीत घासलेली, आणि एक मोडलेला.

मावशीनं स्वतःची समजूत घातली. असेल एखादा आजार. पातळ पदार्थांवर राहणारी माणसं असतात. किंवा डॉक्टरनं काही नवा उपचार केला असेल, आजकाल काय काय निघतं. भरीस भर ते पुस्तक डोक्यात बसलेलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. तिनं स्वतःला चांगलं दटावलं. पण दटावताना तिचे डोळे जबड्यावरून हलत नव्हते. खरं सांगायचं तर तो जबडा सुंदर होता. इतक्या वर्षांत हजारो तोंडं तिच्या हाताखालून गेली, किडकी, वाकडी, दोन दात आणि चार खिंडारं. आणि हे असं, जसं दातांनी असावं असं वाटतं तसं. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी ती गप्प झाली.

तिनं मालकांना दाखवलं. मालकांनी भिंग लावलं, आणि जबडा दोनदा फिरवून पाहिला. मग जबडा तिच्या हातात परत देत म्हणाले की काम नीट कर.

तिनं ते नीट केलं. जन्मात केलं नव्हतं इतकं नीट. त्या सुळ्याचा रंग साधताना तिला कळलं की तो पांढरा नाही, पिवळटही नाही; त्यात खोलवर कुठेतरी निळा आहे, भर दुपारी विहिरीच्या तळाशी असतो तसा. तो रंग सापडला तेव्हा तिनं दिवा आणखी जवळ ओढला. भीती होतीच. पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी होतं, आणि मावशीकडे त्याला शब्द नव्हता.

५

कॅप न्यायला ते आले, तेही अशाच मळभल्या संध्याकाळी. पुन्हा उंबऱ्याबाहेर. मावशीनं हात लांब करून डबी दिली. त्यांनी पाठ वळवून कॅप स्वतःच बसवली. हे काम खरं तर डॉक्टरचं. मग ते वळले आणि ओठ मिटूनच म्हणाले की एवढं कसबी काम त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मालकांनी इतक्या वर्षांत ‘बरं’च्या पुढे कौतुक केलं नव्हतं. मावशी अशी फुलली की काय सांगावं.

“येतो,” ते म्हणाले.

“या,” मावशी म्हणाली.

त्यात विशेष काय होतं? आपण सगळेच म्हणतो. जाणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि दारातला माणूस ‘या’ म्हणतो, लहान असेल तर ‘ये’. जन्मभर तोंडात बसलेला शब्द, लाळेसारखा आपोआप येणारा. गृहस्थांनी मान झुकवली, अगदी कृतज्ञतेनं, आणि गेले. मालकांचा हात मात्र यंत्रावर थबकला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी मेण तापवत होती. अचानक तिला लॅब ऐकू येईनाशी झाली. मालकांचं यंत्र फिरत होतं, चाक दिसत होतं, पण आवाज नव्हता. दिव्याच्या झोतात प्लास्टरची भुकटी उडत होती ती जागच्या जागी थांबली होती. मावशीनं मान वर केली. ते आत होते. जबड्यांच्या फळीपुढे पाठीमागे हात बांधून, जुन्या ओळखीच्यांचे फोटो बघावेत तसे ते एकेक जबडा निरखत होते.

मावशीची दातखीळ बसली. दातांचं काम करणाऱ्या बाईची दातखीळ बसावी, यावर ती एरवी स्वतःच हसली असती.

“तुम्ही ‘या’ म्हणालात,” ते म्हणाले. खुलासा करावा तसं, नम्रपणे. मग दाराकडे गेले आणि उंबऱ्यावर थांबले. “येतो.”

मावशीनं जीभ दातांखाली धरली. ते वाट बघत होते. घाई अशी त्यांना नव्हतीच.

“बरं,” ती कशीबशी म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. उलट, समोरच्याला खेळ समजला म्हणून बरं वाटावं, असं काहीतरी होतं. ते गेले आणि यंत्राची घरघर धाडकन परत आली.

मालक वळले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. मग त्यांनी तिला एवढंच सांगितलं की ते कधी कुणाला ‘या’ म्हणत नाहीत. त्यांचे वडीलही म्हणायचे नाहीत. का, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

६

मावशीनं पुस्तक संपवलं. शेवटची पानं तिनं घरी, एकटीनं, दिवे लागायच्या वेळेला वाचली, आणि पोहणारी मुलगी पाण्याबाहेर येते तिथे ती हमसून हमसून रडली. सगळे नियम मोडून तिनं ते पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. आता ती भीत होती ते पुस्तकाला नव्हे. पुस्तकात शिरलं की उलट सुटका व्हायची.

ठकी आनंदानं नाचायचीच बाकी राहिली. कॉलेजात नाव घातलं, सामानाची बांधाबांध सुरू झाली. रात्री मावशी आता एकटी उठून पाणी पीत होती. ग्लास दातांवर कडकड वाजायचा, पण ठकीला ती उठवत नव्हती. घडलेलं ठकीला सांगावं असं तिच्या फार मनात यायचं. पण सांगितलं की ठकी काय करणार? बॅग उघडणार आणि कपडे परत कपाटात लावणार. ते मावशीला मरणाहून वाईट वाटत होतं.

जायच्या आदल्या दिवशी ठकी बाजारातून आली आणि पिशव्या ठेवता ठेवता सहज बोलून गेली.

“आपल्या जिन्यात एक गृहस्थ उभे असतात, बघितलंस का? दोनतीनदा दिसले. आज मला म्हणाले, ‘येतो’.”

मावशीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “मग तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? ओळख ना पाळख. नुसती हसले.”

मावशीनं टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. मग शक्य तितक्या सपाट आवाजात तिनं ठकीला सांगितलं की अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही. ठकीनं डोळे बारीक केले. घाबरलीस का, तिनं विचारलं. मावशीनं छे म्हटलं. ठकी तरी बघतच राहिली. ही पोर अंधारात उभी राहून मावशीचा श्वास ओळखायला शिकलेली; तिला फसवणं सोपं नव्हतं. मावशीनं शेवटचं अस्त्र काढलं आणि त्या पुस्तकातल्या कुत्र्याबद्दल काहीतरी विचारलं. ठकी हसली आणि विषय तेवढ्यावर टळला.

त्या संध्याकाळी मावशी पोळपाट धुताना मनाशी एकेक गोष्ट जुळवत होती. तो आपल्यासाठी आला असता तर आपल्या दाराशी उभा राहिला असता. तो पोरीच्या वाटेवर उभा राहतोय. उद्या पोरगी जाईल तिथे हजार दारं, हजार जिने, आणि सवयीनं ‘या’ म्हणणारं तिचं तोंड. तिथे तिला ‘बरं’ म्हण असं सांगायला कोण असणार?

७

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठकीच्या मैत्रिणीचे वडील गाडी घेऊन खाली आले. मावशीनं खालपर्यंत येते म्हणून दातांच्या कण्या केल्या, पण ठकी ऐकेना. मावशीनं दारातूनच निरोप द्यायचा आणि मग खिडकीत येऊन हात करायचा. घरात एकटी उभी असलेली मावशी तिला डोळ्यांनी बघायची होती, नाहीतर तिचा पाय निघणार नव्हता.

मावशीनं दार उघडलं. ठकी बॅग ओढत बाहेर आली. मावशीनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि जिन्याच्या वळणावर, खालच्या बाजूला, ते उभे होते. भिंतीला लागून, वाट अडणार नाही असे.

ठकी तिच्याकडे तोंड करून उभी होती. नवा ड्रेस, केस मागे बांधलेले, नाकाचा शेंडा लाल. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते तिला जड जात होतं.

“येते गं मावशी,” ती म्हणाली.

आता मावशीनं काय म्हणावं? ‘बरं’ म्हणावं, तर पोरीला दारातून कोरडं पाठवल्यासारखं, आणि पोरगी तिथेच ओळखणार की काहीतरी बिनसलंय. ‘ये’ म्हणावं, ते तिच्या हक्काचं. पण ते तिच्या एकटीसाठी. ‘ये’ म्हणून तिला पाठवलं तर ती हे जिने उतरणार, आणि ते तिच्यामागे. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तरी तिचं डोकं कधी नव्हे इतकं स्वच्छ चाललं होतं. बोलावलं की ते येतात. आणि त्यांना बोलवायचं तर ‘ये’ म्हणून कसं चालेल, मोठी माणसं ती.

मावशी दारातून बाजूला झाली.

“या,” ती म्हणाली.

ठकी फस्सकन हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. “मला अहो-जाहो? कॉलेजात चालले म्हणून?”

“मोठी झालीस,” मावशी म्हणाली. तिची नजर ठकीच्या खांद्यावरून पलीकडे होती. “या म्हटलं. आत्ता, लगेच, या.”

ते वर आले. पायऱ्या वाजल्या नाहीत. ठकीनं मावशीच्या गालाची पापी घेतली, बॅग उचलली आणि जरा अंग चोरलं, जिन्यात कुणाला वाट द्यावी तसं, आणि ते तिचं तिलाही कळलं नाही. ती खाली गेली. ते उंबरा ओलांडून आत आले. मावशीनं दार लावलं आणि आतून कडी घातली.

घर ऐकू येईनासं झालं. नळ टपकत होता त्याचा थेंब तोटीला लोंबकळत राहिला. ते खोलीच्या मधोमध उभे होते, आणि मावशीच्या ध्यानात आलं की खोली त्यांच्याभोवती लहान झालेली नाही, मोठी झाली आहे. भिंती होत्या तिथेच होत्या, पण लांब वाटत होत्या. त्यांनी काहीतरी म्हणायला ओठ विलग केले. पहिल्यांदाच. ती कड दिसली, न झिजलेली, आणि तिच्या हातचा सुळा, बाकीच्यांत वेगळा ओळखू न येणारा. आणि त्या दातांच्या मागे, जिथे जीभ असते, घसा असतो, तिथे लांबच लांब काहीतरी होतं, आणि त्याच्या पार टोकाला पहाट होत असावी तसा उजेड होता.

मावशीला भीती वाटली. आजवरच्या सगळ्या भीती एकत्र केल्या तरी कमी पडाव्यात एवढी. आणि त्याच क्षणी तिला वाटलं की हे बघायला आपण जन्मलो हे किती बरं झालं.

“मावशी!”

गल्लीतून ठकीची हाक आली. तेवढा एकच आवाज त्या शांततेत शिरू शकला.

खिडकी समोरच्या भिंतीला होती. तिथे जायचं म्हणजे त्यांच्याकडे पाठ करायची. मावशीनं पदर नीट केला, त्यांच्या अंगावरून पुढे गेली, आणि खिडकीत उभी राहिली. मानेवर गारवा जाणवत होता, जवळ, आणखी जवळ. तिनं हात वर केला. खाली ठकी टाचा उंचावून दोन्ही हात हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं एवढ्या वरूनही दिसत होतं. ती गाडीत बसली. दार लागलं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत मावशी हसत हात हलवत राहिली. मग ती मागे वळली.